फोनवर विचारायचा प्रश्न

ऑफिसात तिला सगळे पुढेबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत की तिला ऐकू यावं आणि बोलणाऱ्याला वर कानांवर हातही ठेवता यावेत. नावामागचं कारण साधं होतं. ते ऑफिस एका वैद्यकीय मासिकाचं. मूल होत नाही म्हणून बायका जे उपचार घेतात त्यांवरचं संशोधन तिथे छापून येई, आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक पेपर हिच्या टेबलावरून जाई. अमुक इतक्या बायकांना औषध दिलं, त्यातल्या इतक्यांना गर्भ राहिला, असं लिहून डॉक्टर मंडळी शाबासकीची वाट बघत बसत. आणि ही समासात एकच शब्द लिही : "पुढे?"

गर्भ राहणं आणि मूल घरी येणं यांच्यामध्ये किती लांबचा रस्ता असतो, हे पेपर लिहिणाऱ्यांना ठाऊक नसतं असं नाही. पण घाई असते ना! चाचणी पॉझिटिव्ह आली की यशाच्या रकान्यात एक टाकून मोकळे. मधूनच ज्या बायका यायच्या बंद झाल्या, त्या कुठे गेल्या, त्यांचं काय झालं, याचा पत्ता नाही. "बायका म्हणजे काय खिशातली सुट्टी नाणी आहेत, भोकातून पडली तर कळू नये अशी?" असं तिने एकदा एका बड्या प्राध्यापकाला लिहून धाडलं होतं. संपादकांनी ते वाक्य खोडलं, आणि तिला आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला.

संपादक स्वतः डॉक्टर. हात थरथरायला लागल्यावर ऑपरेशनं सोडून इकडे आलेले, स्वभावाने लोण्यासारखे. "तुम्ही एक दिवस माझं दुकान बंद करणार," ते म्हणाले. "छापायला पेपरच उरायचे नाहीत."

"नाही उरले तर नाही उरले, साहेब. आकडा वाचून बायका रांगेत उभ्या राहतात."

हे तिला कुठल्या पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. ती स्वतः त्या रांगेत उभी राहून आली होती. ऑफिसात मात्र याची कोणाला गंधवार्ताही नव्हती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी द्यायचं एक नवं इंजेक्शन निघालं होतं. त्याच्या चाचणीत तिने नाव घातलं होतं. तिथे नाव कोणी विचारत नसे, एक क्रमांक देत. तो क्रमांक ती येता-जाता इतक्यांदा बोलली होती की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. इंजेक्शन लागू पडलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकताना दिसला, डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन हलवला, आणि चाचणीच्या दृष्टीने तिचं काम तिथेच संपलं. तिसऱ्या महिन्यात ती माहेरी असताना सगळं गेलं. त्यानंतर ती क्लिनिकची पायरी चढली नाही. घरात तो विषय कोणी काढला नाही. तिने नोकरी धरली, नवऱ्याने आपलं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान वाढवलं, आणि दोघंही एकमेकांना जपून वागत राहिली, हातात काचेचं भांडं असल्यासारखी.

तर, त्याच इंजेक्शनवरचा नवा पेपर एका सकाळी तिच्या टेबलावर आला. आता विषय होता, त्या उपचाराने झालेली मुलं कशी वाढताहेत. खरं तर नियमाने तिने तिथेच हात वर करायला हवे होते : साहेब, मी या चाचणीत होते, हा पेपर दुसऱ्या कोणाला तरी द्या. तिने नाही केले. का नाही केले, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. तिने नेहमीप्रमाणे समासात "पुढे?" लिहिलं, आणि गर्भ राहिलेल्या प्रत्येक बाईला मूल झालं की नाही ते एकेका ओळीत कळवा, असं पत्र पाठवून दिलं.

उत्तर आलं. प्रत्येक बाईमागे एक ओळ, नाव नाही, फक्त क्रमांक. तिने स्वतःला बजावलं होतं की आपला क्रमांक शोधायचा नाही. पण डोळे काय ऐकतात का? ते सरळ तिथेच जाऊन थांबले.

मुलगा.

तिला आधी वाटलं ओळ चुकली. तिने पट्टी ठेवून पाहिलं. ओळ चुकली नव्हती. मुलगा, जन्माचं वजन चांगलं, आणि पुढे दर वर्षाची उंची. पहिली तीन वर्षं आकडे गोल गोल होते, कोणीही अंदाजाने सांगावेत असे. चौथ्या वर्षापासून मात्र अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत नेमके. शेवटी बारीक अक्षरात शेरे : बोलायला उशिरा लागला, आता थांबत नाही. कांजिण्या येऊन गेल्या. यंदा चष्मा लागला.

पुढेबाई उठली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसली. चष्म्याच्या काचा पुसल्या. तिला स्वतःला चष्मा लागला तो अगदी त्याच वयात. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि भर सकाळी, चार माणसं आजूबाजूला टकटक करत काम करत असताना, तिला आपल्या खुर्चीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मग तिच्यातली कामाची बाई जागी झाली. या धंद्यात एक खोड आहे. माहिती मिळाली नाही की रिकामी जागा अंदाजाने भरायची. इतर मुलं अमुक इतकी वाढली, म्हणजे हाही तेवढाच वाढला असणार, असं यंत्राकडून काढून घ्यायचं. तिने या प्रकारावर आजवर किती जणांची खरडपट्टी काढली होती. तेच असणार! ओळीत चुकून जन्माची नोंद पडली, आणि यंत्र बिचारं दर वर्षी त्या नसलेल्या पोराला वाढवत बसलं. तिला हायसं वाटलं. तिने लगेच पत्र लिहिलं : यातले कोणते आकडे अंदाजाने भरले आहेत?

एकही नाही, असं उत्तर आलं. सगळी माहिती आमच्या सिस्टर दर वर्षी घरी फोन करून स्वतः विचारतात. फार चिकाटीच्या आहेत. हवं तर येऊन पद्धत बघून जा.

ती गेली. क्लिनिकच्या जिन्यावर पाय ठेवताना तिने मान खाली घातली, पण ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. बसायच्या खोलीत खुर्च्यांची कापडं बदलली होती. खुर्च्यांवरच्या बायका मात्र त्याच वाटत होत्या, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. समोरच्या भिंतीवर इंजेक्शनच्या यशाचा आकडा मोठ्या अक्षरांत लावला होता, आणि प्रत्येकीची नजर घडीघडी तिकडे जात होती. त्या आकड्यात मी आहे, तिच्या मनात आलं. मी आणि तो.

सिस्टरांची खोली मागच्या बाजूला, चादरींच्या कपाटालगत. एक टेबल, एक फोन, एक थंड झालेला चहा. बाई गोलमटोल, बोलघेवड्या. मासिकातून कोणी आपलं काम बघायला आलं याचंच त्यांना कोण कौतुक.

"हे बघा माझं कार्ड," सिस्टर म्हणाल्या. "फोन लागला की यावर लिहिलंय तसं बोलायचं. इकडचा शब्द तिकडे करायचा नाही."

कार्डावरचं पहिलं वाक्य होतं : अभिनंदन! बाळ कसं आहे?

पुढेबाईने ते दोनदा वाचलं. "आणि बाळ झालंच नसेल तर?"

"अहो, असं कसं? ही सगळी गर्भ राहिलेली घरं आहेत. आणि नसेल झालं तर सांगतील की लोक."

"सांगितलं कोणी आजवर?"

सिस्टर बोलायला गेल्या आणि थांबल्या. बोटं मोडत काहीतरी आठवू लागल्या. "नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "एका घरानेसुद्धा नाही."

मग पुढेबाईने जमेल तितक्या कोरड्या आवाजात आपला क्रमांक सांगितला आणि ही एक नोंद कशी घेतली ते विचारलं.

सिस्टरांचा चेहरा एकदम उजळला. "हा होय! हा माझा लाडका. आधी वडील सांगायचे, दबक्या आवाजात, कोणी ऐकेल की काय असं. चौथ्या वर्षापासून हाच उचलतो. काय बोलतो म्हणून सांगू! मी दुपारीच करते फोन, एकटाच असतो बिचारा. मी म्हणते, जा, भिंतीला टेकून उभा राहा, टेप लाव. तो रिसीव्हर बाजूला ठेवतो, मी इकडे थांबते. टेप सरकल्याचा आवाज येतो. मग धावत येऊन सांगतो, आणि अंदाजपंचे नाही हं, अर्धा सेंटिमीटरसुद्धा सोडत नाही. कोणाचा गुण घेतलाय देव जाणे."

"आणखी काय बोलतो?" हे विचारणारा आवाज आपलाच आहे हे पुढेबाईला जरा उशिरा कळलं.

"आईचं फार. म्हणतो, आई ऑफिसात सगळ्या बायकांची चौकशी करते, यांचं पुढे काय झालं, त्यांचं पुढे काय झालं." सिस्टर हसल्या. "मग म्हणतो, माझं तेवढं विचारत नाही."

घरी ती कशी पोचली ते तिला आठवत नाही. नवरा दुकानातून येऊन हातपाय धुऊन बसला होता, गळ्यात मोजायची टेप तशीच. दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. माणूस अबोल, पण नजर अशी की पोरगं दारात उभं राहिलं की टेप न लावता मापं सांगेल.

"अहो," ती चपला न काढताच म्हणाली, "आपल्याकडे क्लिनिकमधून कधी फोन आला होता?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागले. खूप वेळ गुंडाळत राहिले.

"तुला सांगणार होतो," ते शेवटी म्हणाले. "तू माहेरीच होतीस. नंतरही सात-आठ महिने राहिलीस ना तिकडे, तेव्हा. फोन वाजला, आणि ती बाई म्हणाली, अभिनंदन, बाळ कसं आहे? अगं, इतकी आनंदात होती ती. माझ्या तोंडून निघून गेलं, बरं आहे."

"बरं आहे?"

"मग वजन विचारलं. सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन. आता काय सांगू, मागल्या वर्षी खोटं बोललो म्हणून? उंची विचारली. उंची मला कळते. दुकानात मोठ्या पोरांच्या बरोबर धाकटी भावंडं येतात आयांच्या कडेवर. त्यातलं एखादं बघून ठेवायचो, आपला साधारण एवढा असता." त्यांनी हाताने जमिनीपासून उंची दाखवली, आणि हात तसाच हवेत राहिला. "वर्षातून एकदा कोणीतरी त्याच्याबद्दल विचारायचं. बरं वाटायचं गं मला. लाज वाटायची आणि बरंही वाटायचं."

तिला रागवायचं होतं. एवढ्या वर्षांत पेपरांमधल्या खोट्या आकड्यांवर ती जेवढी चिडली होती तेवढं सगळं आत्ता चिडायचं होतं, कारण त्यातला एक खोटा आकडा तिच्याच घरात बसून रचला गेला होता. पण त्या हवेतल्या हाताकडे बघून तिला राग येईना. तिने फक्त विचारलं, "मग चौथ्या वर्षी का थांबलात?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जे तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "चौथ्या वर्षी तू सांगायला लागलीस ना."

"मी?"

"मोबाइलवर मेसेज आला, चौथ्या वर्षाची माहिती मिळाली, आभारी आहोत. मी तर फोन घेतलाच नव्हता. तेव्हा कळलं. त्या दिवशी संध्याकाळी माझी जुनी टेप फोनपाशी पडलेली होती, उलगडलेली. मी काही बोललो नाही. म्हटलं, नको बोलायला. आपण बोलत नाही पण दोघं मिळून त्याला वाढवतोय, एवढं पुरे आहे." त्यांनी टेपची गुंडाळी घट्ट केली. "दर वर्षी त्या दिवशी टेप तिथे असायची. मी गुंडाळून ठेवायचो."

"अहो, मी कधीच फोन घेतला नाही," ती म्हणाली. "दुपारी मी घरी असते तरी का?"

मास्तरांचं हसू मावळायला वेळ लागला. मग दोघांनीही एकदमच भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. काळा, जुना फोन, इंटरनेटबरोबर फुकट मिळतो म्हणून ठेवलेला. त्याच्याकडे पाठ करून बसायची हिंमत त्या संध्याकाळी दोघांनाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ऑफिसातून घरचा नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत राहिली. रिकाम्या घरात, फळीवर, आपल्या बंद दाराच्या आत. तिने जिवाचा कान केला होता. कोणी उचलला नाही. फोन ठेवल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते वाईट. आणि त्या वाईट वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात घरात एक-दोन गोष्टी झाल्या. एका सकाळी फोन फळीवरून खाली, एका बुटक्या स्टुलावर आलेला दिसला. मास्तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. स्टूल फार लहान माणसाच्या सोयीचं होतं हे तिला दिसत होतं. आणि ऑफिसला निघताना, कुलूप लावायच्या आधी, तिच्या तोंडून रिकाम्या घरात "येते रे" असं निघून गेलं. जिन्यात उतरताना तिला रडू फुटलं. असंच चालू ठेवायला काय हरकत होती? कोणाचं काय बिघडत होतं? त्या ओळीखाली तिने सही केली असती तर पेपर छापून आला असता, सिस्टर दर वर्षी फोन करत राहिल्या असत्या, आणि तो वाढत राहिला असता. पुढल्या वर्षी आणखी उंच. आणखी काही वर्षांनी आवाज फुटला असता कदाचित. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि गप्प राहण्यात त्या घराचा हात कोण धरणार?

"त्या पेपरचं काय झालं?" संपादकांनी विचारलं. "तुमच्या सगळ्या शंकांची उत्तरं आली ना? मग का अडवून ठेवलाय?"

तिच्या डोळ्यांसमोर बसायची खोली होती, आणि फाइलवर हात ठेवून भिंतीवरच्या आकड्याकडे बघणाऱ्या बायका. त्यातली प्रत्येक जण मनात हिशेब करत होती, की एवढ्या जणींना झालं, म्हणजे मलाही होईल. तो आकडा असाच दबक्या आवाजातल्या "बरं आहे"वर उभा होता. ती स्वतः अशाच एका आकड्याला भुलून तिथे गेली होती.

"साहेब, त्यांचा प्रश्नच चुकीचा आहे," ती म्हणाली. "अभिनंदन, बाळ कसं आहे, असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? सगळ्या घरांना पुन्हा फोन करायला सांगा. आधी सरळ विचारायचं, मूल जन्मलं का. आणि उत्तर कोणी दिलं, तेही लिहायचं."

"मूल जन्मलं का?" संपादकांनी तोंड कसनुसं केलं. "इतक्या वर्षांनी? जरा क्रूर नाही वाटत?"

"क्रूर आधीचा प्रश्न होता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा चिरकला की संपादकांनी पत्रावर सही केली. नवं कार्ड तिनेच लिहून दिलं. आमच्या उपचारानंतर या घरी मूल जन्मलं का? एवढं एक वाक्य लिहायला तिला अख्खी दुपार लागली. आपण काय करतोय ते तिला नेमकं ठाऊक होतं.

फोन सुरू झाले. सिस्टर मधूनमधून ऑफिसात कळवत. बाई, कितीतरी घरांत बायका ढसाढसा रडल्या. एक जण म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं, देव तुमचं भलं करो. आकडा घसरत होता. पुढेबाईने रजा टाकली. मास्तरांनी दुकान कारागिरांवर सोपवलं. दोघं दुपारी जेवून त्या स्टुलाशी बसून राहायची. तिने उत्तर पाठ केलं होतं. दोन शब्दांचं तर होतं, नाही जन्मलं.

फोन वाजला तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं आणि खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मास्तर दचकून उभे राहिले. तिने हात पुढे केला, रिसीव्हरवर ठेवला. तळहाताखाली घंटा थरथरत होती. उचल, ती स्वतःला म्हणत होती, उचल आणि सांग. तिचा हात उचलेना. उचलला की तो गेला. पुन्हा घालवायचं, आणि या वेळी आपल्याच तोंडाने? माहेरच्या त्या दिवशी तिच्या हातात काही नव्हतं. आज सगळं तिच्याच हातात होतं, आणि हात दगडासारखा जड झाला होता.

घंटा मध्येच तुटली. दमून थांबावी तशी नाही. कोणी फोन उचलल्यावर तुटते तशी, अर्ध्यातच. रिसीव्हर तिच्या हाताखाली होता तिथेच होता.

दोघं हलली नाहीत. खोलीत कोणीतरी अगदी हळू बोलत असल्याचा भास होत होता, शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून यावा तसा, शब्द न कळणारा. मग तोही थांबला.

"ठेवला असेल सिस्टरांनी," मास्तर म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. फोन पुन्हा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. दुपारी सिस्टरांचा फोन आला.

"बाई, एका घराचं काय लिहू ते कळत नाहीये. तो माझा लाडका नाही का? काल लावला फोन. त्यानेच उचलला. मी म्हटलं, बाळा, आज मोठ्या माणसांशी बोलायचंय, आईबाबा आहेत का घरात? तर म्हणतो, आहेत. आई इथंच बसलीय फोनवर हात ठेवून. पण तिला सांगवत नाहीये. तुम्ही मलाच विचारा."

पुढेबाईने टेबलाची कड घट्ट धरली.

"मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही रे हा प्रश्न. तर म्हणतो, माझ्याबद्दलच आहे ना, मग वाचा. मी काय करणार? कार्डावर आहे तसा वाचला. थोडा वेळ गप्प बसला. आणि म्हणाला, नाही जन्मलं. लिहा तसं, तिला त्रास नका देऊ. आणि ठेवला फोन." सिस्टरांचा आवाज घोगरा झाला होता. "मला रात्रभर झोप नाही हो. पोरगं स्वतःच्या तोंडाने सांगतंय मी जन्मलो नाही. थट्टाच असणार, नाही का? खोडून टाकू? मागल्या वर्षीचं आहे तेच राहू देऊ?"

राहू द्या, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिच्या आयुष्यात दुसरं काही इतक्या जवळ कधी आलं नव्हतं. तिने डोळे मिटले.

"नाही, सिस्टर. तो म्हणाला तसंच लिहा. नाही जन्मलं."

"बरं. पण उत्तर कोणी दिलं, असा रकाना आहे ना आता. मुलाने, असं कसं लिहू? कोणी वाचलं तर वेड्यात काढतील मला."

"आईने, असं लिहा."

"अहो, पण आई तर काही बोललीच नाही."

"आत्ता बोलली," पुढेबाई म्हणाली.

पलीकडे सिस्टरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग पेन सापडत नसल्यासारखी खुडबूड झाली, आणि त्या लिहायला लागल्या.